आलेखराव

सोसायटीच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या गुलाबांमध्ये एखादा वृत्तालेख उगवला, की आलेखराव उठले असं समजावं. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आहे. कोथरूडात ते वापरायची वेळ कुणावर येत नाही. बँकेतून निवृत्त झालेला आणि आकड्यांची चित्रं काढत बसलेला एक तरी गृहस्थ इथे आता प्रत्येक इमारतीत सापडतो. आमच्या इमारतीत सापडला तो हा.

आलेखरावांना विषय लागत नाही, आकडे लागतात. नातवाला ताप आला की इतर आजोबा डॉक्टरांना फोन करतात. आलेखराव दर दोन तासांनी थर्मामीटर लावतात आणि ताप उतरला की किंचित खट्टू होतात, कारण रेघ छान चढत होती. मुलाच्या लग्नात कुठल्या पंगतीला किती जिलब्या गेल्या याची त्यांनी वाढप्यांकडून नोंद घेतली आणि मुलाकडचे निळ्या, मुलीकडचे नारिंगी अशा रंगांत तिचे खांब काढून दोन्ही घरांच्या एकत्र ग्रुपवर टाकले. नारिंगी खांब उंच होते. व्याह्यांनी त्या रात्री ग्रुप सोडला. आलेखरावांचं यावर एवढंच म्हणणं, "रंग बदलून दिले असते. सांगायचं तरी!"

या वेडाची सुरुवात एक्सेलने झाली. नोकरीत असताना एक्सेलचा संबंध बेरजेपुरता. निवृत्तीनंतर एका दुपारी चुकून एक बटण दाबलं गेलं आणि रकान्यातल्या आकड्यांचा डोळ्यांदेखत एक गोल झाला. पुढच्या बटणाने तो त्रिमितीय झाला, त्याच्या पुढच्याने त्यातली एक फोड बाहेर आली. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. अशा कललेल्या गोलात समोरची फोड असते त्याहून मोठी दिसते आणि मागची बारीक. त्यामुळे सोसायटीच्या खर्चाच्या गोलात ज्या वर्षी वॉचमनच्या पगाराची फोड समोर आली, त्या वर्षी दोघांपैकी एकाची नोकरी जाता जाता वाचली. पुढच्या वर्षी आलेखरावांनी तीच फोड मागे टाकली, तर कुणीतरी पगारवाढ सुचवली. खर्च तेवढाच होता.

मग गूगल शीट्स आलं, आणि त्यानंतर डेटारॅपर. हे जर्मनीतलं. आकडे चिकटवा, थोडं सरळ करा, वर्तमानपत्रात शोभेल असा स्वच्छ आलेख तयार. नवशिक्याला एवढं पुरतं. आलेखरावांनी त्यात त्रिमितीचं बटण दोन तास शोधलं. मिळेना, तेव्हा म्हणाले, "जर्मन माणूस मुळातच कडक." फ्लरिशशी मात्र त्यांचं जमलं, कारण त्यात खांबांची शर्यत लावता येते. महिने पुढे सरकतात, खांब लांबतात आणि एकमेकांना मागे टाकतात. त्यांनी लगेच मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची शर्यत लावली. थकबाकीदार ओशाळतील असा हिशोब होता. प्रत्यक्षात तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा "बाबा पहिले आले!" म्हणून जिन्यात नाचला.

सध्या ते पायथन शिकत आहेत. तीन वर्षं सध्याच शिकत आहेत.

आलेखराव एकटे असतात तोवर निभावतं. सकाळी वेताळ टेकडीवर त्यांच्या जातीचे चौघे भेटतात, तिथे कुणी बापड्याने "मला एक साधा आलेख काढायचाय, सुरुवात कशाने करू?" असं विचारू नये. एका काकूंनी विचारलं होतं. आलेखराव म्हणाले, "एक्सेल आता कोण वापरतं?" हिंजवडीत नोकरी करणारा तरुण म्हणाला, "काकू, सरळ पायथन. मॅटप्लॉटलिब." निवृत्त प्राध्यापकांनी मान हलवली, "संख्याशास्त्र करायचं तर आर. जीजीप्लॉटला तोड नाही." चौथा आतापर्यंत गप्प होता, तो आकाशाकडे बघून म्हणाला, "खरं काम डी-थ्रीत होतं. त्याआधी थोडं जावास्क्रिप्ट करून घ्या." हा वाद टेकडी उतरला, चौकात आला, अमृततुल्यमध्ये दोन फेऱ्या चहा पिऊन पुन्हा उठला. तुम्हाला काढायचंय काय, हे काकूंना कुणी विचारलं नाही. काकूंना गॅसचा सिलिंडर किती दिवस जातो एवढंच बघायचं होतं. त्यांनी घरी जाऊन कालनिर्णयची पानं उलटली. सिलिंडर लावल्याच्या तारखांवर पेनाने गोल केलेलेच होते. नणंद राहायला येते त्या महिन्यात दोन गोल फार जवळ येतात, हे त्यांना पाच मिनिटांत दिसलं. हा निष्कर्ष कुठल्याही टूलमध्ये टाकायचा नाही, एवढं शहाणपण त्यांना उपजतच होतं.

आलेखरावांच्या घरी गेलं की भिंतीवर गणपतीच्या शेजारी मोठी चौकट दिसते. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली काढलेला, नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचा नकाशा. फिकट तपकिरी पट्टा डावीकडून निघतो तेव्हा जाड असतो, म्हणजे ४,२२,००० माणसं. मॉस्कोपर्यंत तो निमुळता होतो, तिथून काळा होऊन परत फिरतो आणि शेवटी १०,००० माणसांपुरता दोरा उरतो. खाली परतीच्या वाटेवरची थंडी. कागदावर एवढं मरण एवढ्या शांतपणे क्वचितच कुणी मांडलं असेल. आलेखरावांकडे येणारे पाहुणे मात्र चष्मा वर करून विचारतात, "ही कुठली नदी? भीमा का?" आलेखराव समजावतात. पाहुणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण मग ती उलटी का वाहते?"

कपाटात सगळा संप्रदाय आहे. मूळ पुरुष विल्यम प्लेफेअर. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराच्या रेघा काढून आलेखांचं पुस्तक छापलं. स्कॉटलंडचे वर्षावर्षांचे आकडे त्याच्याकडे नव्हते, एकाच वर्षाचे होते, म्हणून त्या पानावर त्याने रेघेऐवजी खांब उभे केले. जगातले खांब असे आकड्यांच्या टंचाईतून उभे राहिले. वृत्तालेखही त्याचाच, १८०१ चा. नंतर नाइटिंगेलबाई. क्रिमियाच्या युद्धात सैनिक गोळीपेक्षा रोगाने जास्त मेले, हे त्यांनी १८५८ साली पाकळ्यांच्या चित्राने सरकारच्या डोळ्यांपुढे धरलं. आलेखराव त्यांच्याबद्दल बोलतात तेव्हा उभे राहतात.

शेवटी एडवर्ड टफ्टी. आलेखात जी शाई काही सांगत नाही ती काढून टाका, हा त्यांच्या पुस्तकातला उपदेश. आलेखरावांनी त्या परिच्छेदाखाली चार रंगांच्या पेनांनी रेघा मारल्या आहेत. टफ्टींना मनासारखा प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी घर गहाण ठेवून १९८३ साली ते पुस्तक स्वतः छापलं, ही गोष्ट आलेखरावांनी एकदा जेवताना भक्तिभावाने सांगितली. वहिनींनी दुसऱ्या दिवशी फ्लॅटचे कागद बहिणीच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवले.

नियम त्यांना सगळे तोंडपाठ. १९८४ साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं, की एकाच पट्टीवरची लांबी डोळ्याला बरोबर कळते, कोनाचा अंदाज चुकतो. हे ते दुसऱ्याचा वृत्तालेख दिसला की ऐकवतात. स्वतःच्या वृत्तालेखाला तो नियम का नाही, असं विचारलं तर म्हणतात, "माझ्यात टक्के लिहिलेले असतात."

एवढ्या विद्वत्तेला आमच्याकडे एकच माणूस बधत नाही. आप्पा. आप्पा रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते. आलेखरावांनी एकदा टफ्टींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यांच्यापुढे धरलं. पॅरिस ते ल्याँ धावणाऱ्या गाड्यांचा आलेख आहे तो, १८८५ साली मारे या शास्त्रज्ञाने छापलेला. आडव्या बाजूला तास, उभ्या बाजूला स्टेशनं, मधे तिरक्या रेघांचं जाळं. "काय अद्भुत आहे बघा!" आलेखराव म्हणाले. आप्पांनी बघितलं. "हे तर आमचं रोजचं," म्हणाले. "रेघ जेवढी उभी, तेवढी गाडी वेगात. आडवी झाली म्हणजे स्टेशनात उभी. सिंगल लाइनवर दोन रेघा एकमेकींना कापणार असतील तर स्टेशनावरच कापल्या पाहिजेत."

"आणि मधे कापल्या तर?"

"मग दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं."

आप्पांनी अशा रेघा पेन्सिल-पट्टीने वर्षानुवर्षं काढल्या. त्यांना कुणी कलाकार म्हटलं नाही आणि टेकडीवरच्या चौघांनी आपल्यात घेतलं नाही, कारण आप्पांना एकही टूल येत नाही.

यंदा उन्हाळ्यात इमारतीचं पाणी पुरेना. टँकर वाढले. आलेखरावांनी टँकरांच्या बिलांचा आलेख केला, त्यात टँकरचीच चित्रं घातली. दुप्पट खर्चाला दुप्पट उंचीचा टँकर, पण चित्र उंचीबरोबर रुंदीतही वाढलं आणि टँकर चौपट दिसू लागला. घाबरून दोन बिऱ्हाडांनी बादल्यांची खरेदी केली. पाणी कुठे जातंय ते कुणाला कळलं नाही.

आप्पांनी विचारलं, "रात्री टाकी किती उतरते?"

हे कुणाला माहीत नव्हतं. मग वॉचमनने दर तासाला गच्चीवर जायचं, खुणा केलेली काठी टाकीत घालायची आणि आकडा वहीत लिहायचा असं ठरलं. हा वॉचमन तोच, ज्याची नोकरी फोडीमुळे जाता जाता वाचली होती. त्याने रात्रभराचा चहा मागून घेतला आणि इमानेइतबारे काठी घातली. सकाळी आलेखरावांनी वहीतले आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. लाइट गेली होती, त्यामुळे त्रिमितीचा प्रश्न उरला नाही. आडव्या बाजूला रात्रीचे तास, उभ्या बाजूला पाणी, एकच रेघ. पंप बंद, सगळे झोपलेले, मध्यरात्री एक ते चार या वेळेत रेघ आडवी असायला हवी. ती एकसारखी उतरत होती.

"गाडी उभी नाहीये," आप्पा म्हणाले. "कुठेतरी चाललीये."

एकेका लाइनचा कॉक बंद करून पाहिला. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बंद होता. मालक अमेरिकेत, फ्लशची टाकी इथे अहोरात्र वाहत होती. किल्ली आणवली, वॉशर बदलला. दुसऱ्या रात्रीची रेघ आडवी आली.

आलेखरावांच्या हातून आजवर झालेलं हे सर्वांत उपयोगी चित्र. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. "फार बाळबोध आहे हो," म्हणाले. "ना रंग, ना काही." वार्षिक सभेसाठी त्यांनी वेगळं तयार केलं. प्रोजेक्टर लावला, दिवे घालवले आणि पडद्यावर टँकरच्या खर्चाची निळी रेघ अवतरली. ती छताजवळून निघाली आणि कोसळत जमिनीला टेकली. सभागृहात टाळ्या झाल्या. खजिनदारांनी डोळे पुसले आणि उभे राहून सुचवलं, की ज्या अर्थी पाण्याचा खर्च संपला आहे, त्या अर्थी पाण्याची वर्गणी बंद करावी.

आलेखराव दचकले. "संपला नाही हो. थोडा कमी झालाय. बाजूचे आकडे वाचा ना!"

"मग रेघ जमिनीला का टेकली?"

"उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही."

"का नाही होत?"

दिवे लागले होते आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. खोटं बोलायला वेळ नव्हता. "शून्यापासून काढला," आलेखराव म्हणाले, "की एवढा देखणा दिसत नाही."

यापुढे सोसायटीचे सर्व आलेख शून्यापासून सुरू व्हावेत, असा ठराव तिथल्या तिथे आला. सूचक आप्पा, अनुमोदक वहिनी. खांबांना शून्य लागतं, रेघेला ते बंधन नसतं, असं आलेखराव ओरडून सांगत होते. शास्त्राने ते बरोबरही होते. पण शास्त्र ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. ठराव मंजूर झाला, विरोधात एक मत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मतदानाचा वृत्तालेख ग्रुपवर आला. त्रिमितीय, आणि ते एक मत इतकं पुढे ओढलेलं, की ठराव फेटाळला गेला असंच कुणालाही वाटावं. अमेरिकेतल्या मालकाला तसं वाटलंही. त्याने खाली अभिनंदन लिहिलं.