विसर्गपंत

खडकवासल्यात पावसाळ्याची वर्दी पूर्वी बेडूक देत असत. हल्ली ते कार्य विसर्गपंतांनी अंगावर घेतले आहे. हे त्यांचे बारशातले नाव नव्हे, हे सांगणे नलगे. पाटबंधारे खात्याच्या कुठल्याशा कचेरीत बारनिशी सांभाळण्यात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले, आणि आवक-जावकीच्या नोंदीसाठी शिवशिवणाऱ्या त्यांच्या बोटांना, सुनेने हाती दिलेल्या मोबाइलात, दैवयोगाने व्हॉट्सॲप सापडले. तेव्हापासून धरणाचे दरवाजे उघडोत अगर मिटोत, ‘मुठा नदीपात्रातील विसर्ग वाढविण्यात येत असून नागरिकांनी पात्रात उतरू नये’ असा मजकूर सोसायटी, शाळूसोबती, विष्णुसहस्रनाम मंडळ आणि आप्तेष्ट अशा चारही दरबारी एकाच क्षणी रुजू होतो. आप्तेष्टांपैकी व्याही नागपूरला राहतात. मुठेच्या पात्रात उतरण्याचा त्यांचा सुतराम इरादा नाही. एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी मजकूर पुढे धाडता येणार नाही, असा निर्बंध व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात घातला, तेव्हा आपल्या चारच गटांना त्याची यत्किंचितही झळ लागत नसताना पंतांनी तो आपल्या अधिकारावरचा घाला मानला.

वास्तविक, खडकवासल्याचे धरण आणि पंत यांचा पिंड एकच. वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही तीन धरणे. चौघांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी, आणि तीत खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन. तेव्हा ते एकदा भरले की वरून येईल ते पोटात न ठेवता खाली सोडणे, हाच त्याचा पावसाळी धर्म. पंतांचाही तोच. आलेला मजकूर खरा की खोटा, आजचा की तीन वर्षांपूर्वीचा, याची रुजवात घालण्याइतकी जागा त्यांच्या ठायी नाही.

माणसे समाजमाध्यमांवर एवढी का रमतात, याची मीमांसा करणारे विद्वान बहुधा एकाकीपणापाशी येऊन थांबतात. पंतांच्या बाबतीत हे निदान लागू पडत नाही, कारण घरात सून, नातवंडे आणि अखंड चालणारा दूरदर्शनसंच असताना एकाकीपणाची चैन त्यांना परवडणारीच नाही. त्यांना हवी असते ती निळी खूण. कचेरीत त्यांच्या टिपणाच्या समासात साहेबांचा ‘पाहिले’ असा शेरा पडे, आणि त्या तीन अक्षरांवर त्यांचा दिवस गोड होई. सेवानिवृत्तीने पगार अर्धा केला, पण तो शेरा मात्र समूळ नाहीसा केला. व्हॉट्सॲपने तो व्याजासकट परत दिला. रविवारी धरणाच्या चौपाटीवर कणीस तोंडाला लावण्याआधी कणसासह स्वतःचे छायाचित्र काढणाऱ्या तरुणांना पंत ‘थिल्लर’ म्हणतात. माझ्या मते ते सारे पंतांचेच गोत्रज होत. त्यांना ‘मी येथे होतो’ याची नोंद हवी, यांना ‘मला आधी कळले’ याची.

१२ जुलै हा त्यांचा वार्षिक समारंभ. १९६१ साली त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. पंत त्या वेळी पाळण्यात होते. तथापि दरवर्षी जुन्या छायाचित्रांसह त्यांचे जे निवेदन प्रसृत होते, ते प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या थाटाचे असते, आणि दरसाल त्यात पाण्याची पातळी वीतभर चढते.

एवढे असूनही पंतांना केवळ हास्यास्पद ठरवून मोकळे होता येत नाही. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी घुसले, आणि विसर्गाची पूर्वसूचना मिळाली नाही, अशी तक्रार तेथील रहिवाशांनी केली. पंतांची सूचना आदल्या रात्रीच चारही गटांत गेलेली होती. परंतु त्याच भागात राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने ‘गुळवेलीचे अठरा उपयोग’ येऊन पडल्यापासून आप्तेष्टांचा गट मुका करून ठेवलेला, त्यामुळे त्याची दुचाकी तळमजल्यावरच बुडाली. पंत हळहळले, यात संशय नाही. मात्र हळहळण्यापूर्वी त्यांनी आपला संदेश किती वाजता सुटला होता, याचा पुरावा चारही गटांत धाडला. भाच्याने पश्चात्तापाने गटाची वाचा मोकळी केली, ती आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी मेथीचे उपयोग आले.

वाचकांपैकी कोणाच्या गटात असे पंत असतील, तर पावसाळ्यात रोज रात्री ‘आज किती सोडले?’ एवढे त्यांना अवश्य विचारावे. उत्तर क्युसेक्समध्ये आणि सविस्तर येईल, याची तयारी ठेवावी.