शांततेचे शोधक

दिवाळी सरली, मालवणचं पाणी नितळ झालं, की कोकणकन्या एक्स्प्रेस कुडाळ स्टेशनवर एक ठरावीक गृहस्थ उतरवते. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. जिकडेतिकडे खिसे असलेली अर्धी विजार, पाठीवर नळकांड्यात घातलेली गळकाठी, गळ्यात स्वतःचा पोहण्याचा चष्मा. बायको आणि उरलेल्या बॅगा मागून येतात. रिक्षावाल्याने "तारकर्ली काय देवबाग?" असं विचारलं की गृहस्थ दुखावतात. ही नावं अजून गुप्त आहेत, अशी त्यांची समजूत असते.

मालवणचा शोध आपणच लावला, ही त्यांची श्रद्धा. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेट हेरून सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तेवढा अपवाद ते मोठ्या मनाने मान्य करतात. "गोव्यात काय राहिलंय? इथली शांतता बघा!" हे ते अशा आवाजात सांगतात की पलीकडच्या खानावळीतल्यांचं जेवण थांबतं. 'कोणाला बोलू नका' या अटीवर त्यांनी ही जागा सोसायटीला, ऑफिसला आणि व्याह्यांना सांगून ठेवलेली असते. पुढच्या वर्षी त्यातलेच चौघे किनाऱ्यावर दिसले, की "मालवण बिघडलं हो!" म्हणायलाही तेच पुढे.

स्कूबाच्या होडीत ते शिकवणाऱ्या पोरालाच शिकवतात. नाक दाबून कानातला दाब कसा मोकळा करायचा, हे पोरगा समजावतोय आणि गृहस्थ त्याला अंदमानची प्रवाळं ऐकवताहेत. पाण्याखाली मात्र इलाज नाही, तोंडात नळी. वर्षातून तेवढीच काय ती शांतता त्यांच्या वाट्याला येते, आणि तिचेही पैसे मोजावे लागतात. काळ्या पट्ट्यांचे मासे नाकासमोरून जातात, गृहस्थ हरखतात आणि अंगठा वर करतात. पाणबुड्यांच्या खुणांत वर केलेला अंगठा म्हणजे 'मला वर न्या'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पोरगा नियमाला धरून त्यांना वर आणतो.

"एवढ्यात?"

"काकानू, तुमीच सांगलात!"

पुन्हा खाली, पुन्हा आनंद, पुन्हा अंगठा.

संध्याकाळी कर्लीच्या खाडीवर गरवायचा कार्यक्रम. परदेशी रीळ, रंगीत प्लॅस्टिकची मासोळी, डोक्याला बांधायचा दिवा. घरमालक काठावर बसून हे सगळं शांतपणे बघतात. "सुकती लागली. आता काय गावाचा नाय," एवढंच बोलतात. गृहस्थ मोबाइलमधलं भरती-ओहोटीचं कोष्टक पुढे करतात. ते दुसऱ्याच बंदराचं निघतं. तेवढ्यात घरमालकांचा नातू नुसती दोरी, गरी आणि एक सुंगट घेऊन शेजारी बसतो आणि तांबोशी ओढून काढतो. गृहस्थांच्या गळाला शेवटी लागतो तो केंड. बाहेर काढला की हा मासा हवा भरून टम्म फुगतो, आणि विषारी असल्यामुळे तो ताटात घेता येत नाही. गृहस्थ त्याच्यासोबत छाती पुढे काढून फोटो काढतात.

"ह्येका आता सोडा," घरमालक म्हणतात. कोणाबद्दल, ते सांगत नाहीत.

रात्री बाजारातून आणलेली सुरमई तळून येते. ती ताजी आहे की नाही, हे गृहस्थ घास घेण्याआधीच घरमालकीणबाईंना समजावून सांगतात. बाईंचा जन्म मासे निवडण्यात गेलेला. त्या फक्त सोलकढी वाढतात.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात स्कूबाही बंद. मालवणला तेवढाच विसावा. त्या दिवसांत गृहस्थ घरी बसून नवी माणसं गुपितात सामील करून घेत असतात.

असे कोणी तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांचं ऐकून मालवणला जरूर जा. फक्त त्यांच्याबरोबर जाऊ नका. आणि पाणी कधी चढतं, मासा कुठे लागतो, हे त्या नातवाला विचारा.