पायाची करंगळी

कसोटी क्रिकेटचा कंटाळा मला मनापासून आवडतो. त्यात डुलकी काढता येते, जेवून येता येतं, आणि परत आल्यावर तोच फलंदाज तिथेच उभा दिसला की घरचं माणूस सुखरूप असल्यासारखं वाटतं. त्या खेळाने आपल्याला कसलंच वचन दिलेलं नसतं. हेवीवेट बॉक्सिंगच्या विजेतेपदाच्या लढतीचं मात्र तसं नाही. तिथे महिनोन्‌महिने आधीपासून एकाने दुसऱ्याला आडवं करण्याची जाहीर शपथ घेतलेली असते. ती पाळली गेली नाही, तर माणुसकीच्या नात्याने आपल्याला आनंदच व्हायला हवा. पण रात्री दोननंतर जागा असलेल्या माणसाकडून माणुसकीची फार अपेक्षा करू नये.

२ जुलै २०११, हॅम्बुर्ग. एकीकडे युक्रेनचा व्लादिमीर क्लिचको, दुसरीकडे लंडनचा डेव्हिड हेय. हेयने त्याच्या दोन वर्षं आधीच एक टी-शर्ट घालून मिरवला होता. त्यावर क्लिचको बंधूंची धडावेगळी मुंडकी हातात घेऊन तो स्वतः उभा होता. बोलण्यातही तो कुठे कमी पडत नव्हता. क्लिचको उलट क्रीडाशास्त्रात पीएचडी केलेला, समजूतदार. समोरचा शिव्या देत असताना तो असा बघायचा, की हा विद्यार्थी तोंडी परीक्षेत नापास होणार हे त्याला आधीच कळलेलं असावं. जग म्हणत होतं, दहा वर्षांत अशी लढत झाली नाही. मीही म्हणत होतो. मी आयुष्यात कधी बॉक्सिंगचा हातमोजा घातलेला नाही, पण म्हणायला काय जातं?

त्या रात्री कोल्हापूरचे मामा आमच्याकडे पुण्यात मुक्कामाला होते. त्यांची हयात खासबाग मैदानात कुस्त्या बघण्यात गेलेली. लढतीची जाहिरात मी त्यांच्यापुढे इतकी केली की तेही उशी पाठीशी घेऊन बसले. हॅम्बुर्गमध्ये पाऊस पडत होता, पुण्यातही पडत होता. हेय रिंगमध्ये आला, क्लिचको आला, घंटा झाली.

पहिला राउंड झाल्यावर मामा म्हणाले, "अंदाज घ्यायला लागलेत. बरोबर हाय." दुसऱ्यानंतर म्हणाले, "जरा जास्तीच घ्यायला लागलेत." चौथ्याला ते सरळ उठून बसले. "आरं, ही निस्ती खडाखडी चाललीया. कुस्ती कवा लागणार?"

याहून नेमकं वर्णन त्या रात्रीचं मी कुठे वाचलेलं नाही. क्लिचको आपला लांबलचक डावा हात पुढे धरून उभा. त्या हाताच्या टप्प्यात जाणं हेयला नको होतं आणि टप्प्याबाहेरून त्याचा ठोसा पोचत नव्हता. मधूनच तो जिवाच्या आकांताने उजवा हात फिरवत झेप घ्यायचा, मग क्लिचको त्याला काखेत घ्यायचा आणि मानेवर भार द्यायचा, की हेय खाली बसायचा. मग पंच त्यांना सोडवायचे. पुन्हा डावा हात पुढे. हेय इतक्या वेळा घसरून बसला की मामांनी काळजीने विचारलं, "हौद्यात पानी शिरलंय काय?" सातव्या राउंडमध्ये पंचांनी ढकलण्याबद्दल क्लिचकोचा एक गुण कापला. अकराव्यात हेय पुन्हा खाली गेला, तेव्हा मात्र त्यांनी त्याच्यावर आकडे मोजले. बहुधा त्यांचाही धीर सुटला असावा.

मामांच्या मते हे सगळं पंचांचं चुकत होतं. खासबागेत पैलवान असे रेंगाळले तर लोक आरडाओरडा करतात, पंच दोघांना दटावतात, आणि तरीही लागत नसेल तर कुस्ती सोडवून टाकतात. इथे बारा राउंड, प्रत्येकी तीन मिनिटं, पुरी छत्तीस मिनिटं रेंगाळण्याबद्दल दोघांना कुणी शब्दाने दुखवायला तयार नाही. शेवटी तिन्ही परीक्षकांनी क्लिचकोला विजयी केलं, ११७-१०९, ११८-१०८, ११६-११०. आकडे बघणाऱ्याला वाटावं घमासान झालं.

आता थोडं क्लिचकोच्या बाजूनेही बोलायला हवं. मार्च २००३ मध्ये हॅनोव्हरला कोरी सँडर्स नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या डावखुऱ्या बॉक्सरने त्याला दोन राउंडमध्ये गुंडाळलं होतं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये लास वेगासला लॅमन ब्रूस्टरपुढे तो पाचव्या राउंडमध्ये संपला. लोक म्हणाले, याची हनुवटी काचेची आहे. मग डेट्रॉइटचे जाणते प्रशिक्षक इमॅन्युएल स्टीवर्ड यांनी त्याला सावकाश घडवलं. तुझी उंची साडेसहा फूट, हात लांब, तर समोरच्याला लांबच ठेव. जवळ आलाच तर मिठी मार. एवढं पाळून हा माणूस वर्षानुवर्षं हरला नाही. एवढं शहाणपण ज्याला मार खाऊन आलं, त्याने ते आमच्या करमणुकीसाठी सोडून द्यावं, ही आमची मागणी होती. हेयचंही तेच. समोरचा आपल्याहून सुमारे १४ किलो वजनदार असताना जवळ न जाणं याला घरची माणसं अक्कल म्हणतात. दोन अक्कलवान माणसं समोरासमोर आली की बघण्यासारखं काही उरत नाही.

प्रेक्षकांनी हे क्लिचकोला कधी माफ केलं नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुलतान इब्रागिमोव्हला हरवतानाही त्याची हुर्यो उडालीच होती. त्याला मनापासून टाळ्या मिळाल्या त्या एप्रिल २०१७ मध्ये, वेम्बलीला, नव्वद हजार लोकांसमोर. तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. पाचव्यात स्वतः पडला, सहाव्यात अँथनी जोशुआला पाडलं, आणि अकराव्यात दोनदा पडून हरला. ती त्याची शेवटची लढत. जिंकत होता तोवर कंटाळवाणा, हरला तेव्हा थोर, असा आम्हा लोकांचा हिशेब.

पण ते पुढचं. त्या रात्री मामांनी एक उपाय सुचवला. व्लादिमीरचा थोरला भाऊ विताली, त्याच्याकडे जगज्जेतेपदाचा चौथा पट्टा होता. म्हणजे हेय हरल्यावर जगातले चारही मोठे पट्टे एकाच घरात आले. मामा म्हणाले, "मग भावाभावांतच लावा की एक निकाली."

"आईला शब्द दिलाय त्यांनी. एकमेकांशी लढणार नाही म्हणून."

"आस्सं? मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून मामांनी दिवा घालवायला सांगितला. आईच्या शब्दापुढे त्यांच्याकडे डाव नव्हता.

सकाळी चहाबरोबर बातमी आली. हेयने पत्रकारांपुढे बूट काढून उजव्या पायाची सुजलेली करंगळी दाखवली होती. सरावात ती मोडली, त्यामुळे पायाला जोर देता आला नाही, असं त्याचं म्हणणं. दुखत असणार, त्यात खोटं काही नाही. पण दोन मुंडक्यांपासून निघालेली गोष्ट करंगळीवर येऊन थांबावी! मामांनी मला तीनदा विचारून खात्री करून घेतली. "करंगळी? पायाची? बुक्क्या पायाच्या करंगळीनं मारायच्या असत्यात व्हय?"

त्यांची झोप मीच घालवली होती, म्हणून मला त्यांचं सांत्वन करणं भाग होतं. मी त्यांना शेल्बीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मोन्टाना राज्यात शेल्बी नावाचं चिमुकलं गाव. शेजारी तेल सापडलं आणि गावाच्या डोक्यात गेलं. गावाचं नाव व्हावं म्हणून त्यांनी थेट जगज्जेत्या जॅक डेम्प्सीची लढत मागवली, ४ जुलै १९२३ ला, टॉमी गिबन्सविरुद्ध. डेम्प्सीचा व्यवस्थापक जॅक कर्न्स. त्याने एक लाखाचा एक, असे तीन हप्ते मागितले, तेही डॉलरमध्ये. गावाने चाळीस हजार माणसांची लाकडी बैठक ठोकली. लढत होते की नाही याची शेवटपर्यंत खात्री नाही, म्हणून रेल्वेने खास गाड्या रद्द केल्या. तिकीट काढून आले सातेक हजार. आणि एवढं होऊन लढत पंधरा राउंड चालली, धड कुणी पडलं नाही, गुणांवर डेम्प्सी जिंकला. गिबन्सला जवळजवळ काहीच मिळालं नाही. दरवाजावर जमलेली रोकडही कर्न्स घेऊन गेला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या बँका एकामागून एक बुडाल्या.

"म्हणजे मामा, आपली फक्त एक रात्र गेली. त्यांच्या ठेवी गेल्या."

मामांनी बशीतला चहा संपवला. ठेवींचं त्यांना विशेष वाटलेलं दिसलं नाही, म्हणून मी पुढे रेटलं. पैसे जमेनात तेव्हा गावाने कर्न्सला एका हप्त्याच्या बदल्यात पन्नास हजार मेंढ्या देऊ केल्या होत्या, अशी आख्यायिका आहे. न्यूयॉर्कच्या घरात मी मेंढ्या कुठे ठेवू, म्हणून त्याने त्या नाकारल्या म्हणे.

मामांची बशी खाली आली. रात्रभरात पहिल्यांदाच त्यांचे डोळे चमकले.

"पन्नास हजार बकरी आन् ह्यो नगं म्हनला? येडा हाय काय? आरं, लोकरीचंच किती आलं असतं! आन् खत? एक रात बकरी रानात बसवायची म्हटली तर शेतकरी धान्य देतोय." त्यांनी बोटांवर हिशेब सुरू केला, मग थांबून मला म्हणाले, "मेंढ्या व्हत्या का निस्ते मेंढं, ते काय लिवलंय का त्यात?"