आईला आठवत नाही

भाचीला पाचवा महिना लागलाय. ती बालवाडीत शिकवते. सोमवारी वर्गातल्या एका मुलाच्या पाठीवर पाण्याने भरलेले फोड दिसले आणि त्या रात्री आमच्या घरात एकच प्रश्न होता: हिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का? ताई म्हणाली, "काहीतरी आलं होतं. अंथरुणावर कडुनिंबाचा पाला घातलेला आठवतो. गोवर होता की कांजिण्या, ते नाही आठवत." पाला दोन्हींत घालत.

ताईचा दोष नाही. पण हा प्रश्न त्या रात्री विचारायचा नव्हताच. मूल हवं असं ठरलं, तेव्हाच विचारायचा होता. लागण झालेलं मूल फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोग पसरवतं. म्हणजे कळेपर्यंत बाई त्याला मांडीवर घेऊन गाणी म्हणवून मोकळी झालेली असते.

आईच्या आठवणीवर बाळंतपण सोडू नका, रक्त तपासा. तपासणीचं नाव व्हॅरिसेला आयजीजी. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात राहतात, ती यात दिसतात. चिठ्ठीवर आयजीजीच लिहिलंय ना, ते पाहून घ्या. आयजीएम ही वेगळी तपासणी, ती ताज्या लागणीसाठी असते.

"आपल्याकडे सगळ्यांना लहानपणी येऊनच जातात" हे तर विसराच. उष्ण देशांत कांजिण्यांवाचून मोठी झालेली माणसं थंड देशांपेक्षा जास्त सापडतात. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, कांजिण्यांची नाही. ती खासगी दवाखान्यात, पैसे मोजून. त्यामुळे ना रोग झालेला ना लस घेतलेली, अशा कितीतरी मुली लग्नाच्या वयाला पोचतात, आणि त्यांना ते ठाऊकही नसतं.

गरोदरपणात कांजिण्या आल्या तर आईला न्यूमोनिया होऊन जिवावर बेतू शकतं. पहिल्या वीस आठवड्यांत आल्या तर क्वचित, शंभरात एक-दोघींच्या बाळाच्या कातडीवर, हातापायांवर, डोळ्यांवर कायमचा घाव राहतो. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला फोड आले, तर नवजात बाळच धोक्यात. आणि लस? ती जिवंत विषाणूची, म्हणून गरोदरपणात देतच नाहीत. संपर्क आल्यावर दहा दिवसांच्या आत देण्याचं इम्युनोग्लोब्युलिन असतं, पण ते महाग आणि शोधत फिरावं लागणारं.

म्हणून हिशेब आधीच करायचा. तपासणी निगेटिव्ह आली तर लसीचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे, आणि दुसऱ्यानंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. सगळे मिळून दोन-अडीच महिने. लग्नाचा हॉल त्याच्या कितीतरी आधी धरतो आपण.

दोन डोस झाल्याची नोंद हातात असेल तर मात्र पुन्हा रक्त तपासायला धावू नका. नेहमीच्या तपासण्यांना लसीने आलेली प्रतिपिंडं बऱ्याचदा सापडत नाहीत, आणि उगाच "निगेटिव्ह" वाचून घरभर रडारड होते. नोंद जपून ठेवा, तेवढी पुरे.

भाचीचा रिपोर्ट बुधवारी आला. रडत फोन केला तिने, "मामा, पॉझिटिव्ह आलाय असं सांगतायत रे!" तिकडे कोणीतरी नुसता शब्द वाचून दाखवला होता, अर्थ सांगितला नव्हता. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कांजिण्या कधीच येऊन गेल्यात, बाळाला धोका नाही. ही एक ओळ रिपोर्ट देणाऱ्या प्रत्येकाने मराठीत सांगायला हवी, बाईला घरी पाठवण्याआधी.

धाकट्या भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिलाही गुरुवारी घेऊन गेलो. तिचं निगेटिव्ह आलं. पहिला डोस झालाय, दुसरा पुढच्या महिन्यात.