नऊ इंचांच्या खाली तडजोड नाही

रानात जाणाऱ्या माणसाने पहिला सुरा घेताना, तो कशासाठी हवा आहे, हा विचार अजिबात करू नये. या एका विचारापायी आजवर कित्येक उमद्या खरेद्या नासल्या आहेत. कशासाठी, असं विचारलं की उत्तरं येतात ती अगदीच मिळमिळीत: कांदा चिरायला, नायलॉनची दोरी तोडायला, चुलीसाठी चार ढलप्या काढायला. एवढ्याला चार इंचांचं पातं आणि अडीच-तीन मिलिमीटरची जाडी पुरून उरते. मग माणूस तेवढाच सुरा घेतो, वर्षानुवर्षं वापरतो आणि चारचौघांत सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीही राहत नाही.

स्वीडनमधल्या मोरा गावाने तर ही कंजुषी कळसाला नेली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सुरे बनतात. आज त्यांच्या साध्या सुऱ्याला चार इंचांच्या आसपास पातं, प्लास्टिकची मूठ आणि प्लास्टिकचंच म्यान असतं. धारेच्या दोन्ही अंगांना रुंद, सपाट उतार असतो. तो दगडावर टेकवला की कोन आपोआप जमतो, त्यामुळे कालच्या पोरालाही धार लावता येते. म्हणजे नवख्याला नाडण्याची एकही सोय ठेवलेली नाही. तिकडचे सुतार-गवंडी तोच कमरेला लावून कामावर जातात, यावरून त्याची सामाजिक पत काय असेल ते ओळखावं. किंमत अशी, की हरवला तर धड हळहळताही येत नाही. असल्या वस्तूवर जीव जडायचा तरी कसा?

आटोपशीर सुरा बाळगल्याचा परिणाम काय होतो, याचा पुरावा इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात गोठवून ठेवला आहे. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओत्झी हा सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्यापाशी चकमकीच्या दगडाचं पातं आणि लाकडी मूठ असलेला सुरा होता, सालीच्या धाग्यांनी विणलेल्या म्यानात. मुठीसकट सगळी लांबी 13 सेंटिमीटरच्या आसपास. पातं पुन्हापुन्हा धार काढून झिजलेलं, टोक तुटलेलं. म्हणजे गडी तो सुरा खरोखर वापरत होता. आणि शेवट काय झाला? मागून खांद्यात बाण घुसून मेला. पातं नऊ इंचांचं असतं तर बाण मारणाऱ्याने दहा वेळा विचार केला असता. पाच हजार वर्षांत आपण एवढं तरी शिकायला हवं होतं.

आदर्श घ्यायचा तो 1982च्या ‘फर्स्ट ब्लड’मधल्या रॅम्बोचा. अर्कान्सासच्या जिमी लाइल या कारागिराने त्याचा सुरा घडवला होता. नऊ इंचांचं पातं, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मूठ, मुठीच्या झाकणात होकायंत्र आणि पोटात सुई-दोरा. नायक त्यातला दोरा काढून स्वतःचाच दंड शिवतो. हे दृश्य कोवळ्या वयात पाहिलेल्या पिढीला तंबूत राहणं म्हणजे स्वतःला टाके घालण्याची संधी वाटू लागली, तर त्यात तिची काही चूक नाही. लोणावळ्याला उतरून राजमाचीला चालत जाणाऱ्या माणसावर तशी वेळ केव्हाही येऊ शकते. (त्याच चित्रपटात पोलीस झडती घेतात तेव्हा नेमका तो सुरा सापडतो आणि प्रकरण चिघळतं. पण हे तपशील खरेदीच्या वेळी आठवू नयेत.)

पोकळ मुठीवर काही कुजके लोक आक्षेप घेतात. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं असावं, ज्याला फुल टँग म्हणतात, म्हणजे सुरा मुठीशी मोडत नाही. पोकळ मुठीत ते पोलाद तोंडाशीच संपतं आणि सगळा भार एका सांध्यावर येतो, असं त्यांचं म्हणणं. लाइलने तो सांधा निगुतीने केला होता, स्वस्त नकलांत तिथे एक नट आणि बोटभर लुकण असते, असंही ते सांगतात. हे सगळं खरं आहे. पण मूठ भरीव असली तर सुई-दोरा ठेवायचा कुठे? खिशात? दोन रुपयांच्या सुईसाठी माणसाने खिसा वापरायला लागावं, ही वेळ येऊ नये म्हणूनच विज्ञानाने मूठ पोकळ केली. होकायंत्राचंही तसंच. पोलादाच्या इतक्या जवळ ठेवलं की त्याची सुई उत्तर सोडून पोलादाचा विचार करू लागते. ज्याला रस्ता चुकण्यातली मजा कळते, त्याला हे दूषण वाटणार नाही.

करवतीच्या दात्यांबद्दल तर बोलायलाच नको. अमेरिकेच्या वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या सुऱ्यांच्या पाठीवर असे दाते असत. विमान पडलं तर त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर यावं, हा हेतू. लाकूड त्यांनी नीट कापलं जात नाही, नुसता भुसा होतो. म्हणून दाते असलेलाच सुरा घ्यावा. लाकूड काय, कोणीही कापेल. राजगडाच्या पद्मावती माचीवर एखादं विमान उतरलं आणि त्याचा पत्रा कापायची पाळी आली, तर त्या रात्री माचीवर तुमच्याखेरीज कामाचा माणूस नसेल.

पातं किमान सहा मिलिमीटर जाड असावं. अशा पात्याने गाजर चिरलं जात नाही, फुटतं, आणि त्यातलं अर्धं शेजाऱ्याच्या ताटात जातं. त्यातून ओळखी वाढतात. टोमॅटोचा रस्सा पातेल्याऐवजी थेट पात्याखालीच तयार होतो. म्यान मांडीला दोन पट्ट्यांनी बांधायचं असावं. एसटीत बसलं की मूठ बरोबर बरगडीत येते, त्यामुळे प्रवासात डुलकी लागून सामान चोरीला जाण्याचा धोका टळतो.

आमचे एक स्नेही आहेत, बँकेत असतात. त्यांनी सर्व बाजूंनी निर्दोष असा सुरा घेतला: दहा इंच, दाते, होकायंत्र, सगळं. तो घेऊन ते राजमाचीच्या पायथ्याला उधेवाडीत मुक्कामाला होते. ज्यांच्याकडे जेवायला सांगितलं होतं त्यांच्या अंगणात त्यांनी एक ओंडका उभा केला, त्यावर सुऱ्याची धार टेकवली आणि पात्याच्या पाठीवर सोट्याने ठोकायला सुरुवात केली. लाकूड फोडण्याची ही रीत रानप्रेमींमध्ये फार मान्यता पावलेली आहे. पाठीवरच्या दात्यांनी आधी तो सोटाच कुरतडला. सोट्याच्या चिंध्या होऊन स्नेह्यांच्या पायावर पडत होत्या. घरच्या मामी भाकरी थापता थापता बाहेर आल्या, काही वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अवो दादा, कुऱ्हाड हाये की दारामागं.”

“असू दे मामी,” स्नेही घाम पुसत म्हणाले, “कुऱ्हाडीने फोडायचं तर मग सुरा कशाला आणला?”

या प्रश्नाला मामींकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पुढच्या चार ठोक्यांत ओंडक्यातली गाठ लागली, कट्‌ असा आवाज झाला, पातं ओंडक्यात राहिलं आणि मूठ स्नेह्यांच्या हातात आली. मुठीतली सुई मात्र सुखरूप होती. मामींनी कुऱ्हाड आणली, एका घावात ओंडका दुभंगला आणि पातंही मोकळं झालं. त्यांनी ते उचलून दिलं ते चिमटीत धरून, मेलेला उंदीर धरावा तसं.

गावाकडची माणसं या विषयात अडाणीच. कोकणात शेतकऱ्याच्या कमरेला आकडी असते आणि आकडीत कोयती. सकाळी ती अडकते ती रात्री निघते. मधल्या वेळात शहाळं, कुंपण, गवत, साप, बांबू, सगळं तिच्यावर. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेला घिसाडी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तापवून, ठोकून, त्याला पाणी देऊन कोयता करून देतो, आणि मूठ सैल झाली तर पुढच्या फेरीला ठोकूनही देतो. त्या कोयत्याला मॉडेल क्रमांक नाही, खोकं नाही, खोक्यात कंपनीच्या संस्थापकाचं मनोगत नाही. विकत घेताना माणूस अंगठ्याने धार बघतो, वजन हातात जोखतो आणि पैसे देतो. सहा महिने अभ्यास नाही की दोन मित्रांशी अबोला नाही. याला काय निवड म्हणायचं?

खरी निवड पोलादाची. इथे मात्र पुरेसा वेळ द्यावा, शक्यतो ऑफिसचा. 1095 जातीच्या पोलादात कार्बन 0.95 टक्क्यांच्या आसपास, धार झकास, लावायलाही सोपी; पण पावसाळ्यात सह्याद्रीत एका रात्रीत तांबूस होतं, खोबरेलाचा हात फिरवत राहावं लागतं. गंज न धरणारी पोलादं वेगळी. 2021 साली मॅग्नाकट नावाचं पोलाद आलं आणि ज्यांनी आयुष्यात लिंबाखेरीज काही कापलं नव्हतं, त्यांची झोप उडाली. कठीणपणा रॉकवेल मापात सांगतात. 58 असेल तर पोलाद चिवट, 62 असेल तर धार जास्त टिकते पण ती काढायला हिऱ्याची कानस लागते आणि आडवा ताण आला तर टवका उडतो. नवख्याने डोळे मिटून 62 घ्यावं. गल्लीत सायकलवर सहाण घेऊन येणारा धारवाला अशा पात्याला हात लावत नाही, आपल्याला लावता येत नाही, त्यामुळे ते कायम नव्यासारखं राहतं.

घरी आल्यावर सुऱ्याची परीक्षा घ्यायची ती हातावर. डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत पातं हलकेच फिरवून केस निघतात का पाहायचं. जाणकार ओळखायचा असेल तर त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, डावा हात बघा: वीतभर टक्कल, त्यात दोन-तीन बारीक ओरखडे आणि कडेला नवे खुंट. लग्नकार्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरणारे असे कित्येक सज्जन मी पाहिले आहेत.

लांबीचा प्रश्न सरकारने परस्पर सोडवला आहे. 2016च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत घातले आहेत. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली पाती वगळली आहेत. भित्रा माणूस हे वाचून चार इंचांवर येतो. रसिकाला त्यात शिफारस दिसते. हातभर लांबीचा कोयता सुटतो आणि आपला साडेनऊ इंची सुरा अडकतो, याचा अर्थ उघड आहे. कोयता कामाचा आहे हे कायद्याने ओळखलं. आपल्या सुऱ्याला कसलंच काम नाही, हेही ओळखलं आणि तरी त्याची दखल घेतली. एवढा मान घरात कोण देतं? शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37खाली जिल्ह्याजिल्ह्यांत मनाई आदेश निघत असतात. त्यांत तलवारी-भाल्यांच्या पंगतीला सुरे असतात आणि काठ्याही. हे आदेश सणासुदीला हमखास निघतात, म्हणजे बरोबर जोडून सुट्ट्या येतात तेव्हा.

अभयारण्याचा नियम तर त्याहून सोयीचा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुरा आहे, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा टापू अभयारण्यात. तिथे लाकूडतोडीलाही बंदी. ज्या रानासाठी सुरा घेतला, त्या रानात तो न्यायचा नाही आणि नेला तर तोडायला काही नाही. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, हे वेगळंच. या सगळ्यामुळे सुऱ्याची धार कमालीची टिकते. पोलादाच्या जातीवर भांडणाऱ्यांनी हा मुद्दा कधी विचारात घेतलेला नाही.

राहता राहिला खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी सुरा कपाटातून निघतो आणि पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मिक्सरच्या भांड्याशेजारी विराजमान होतो. झेंडूचं फूल, अक्षता, हळदकुंकवाचं ओलं बोट. घरातली विळी कामात असल्यामुळे तिला पूजेला यायला उशीर होतो. दसऱ्याला सुरा पुन्हा म्यानात जातो, कुंकू पुसायचं राहून जातं आणि दिवाळीच्या साफसफाईत म्यान उघडलं की पात्यावर बोटाएवढा तपकिरी डाग दिसतो. तो घासून काढायचा नाही. पाहुण्यांना दाखवताना त्याच डागावर बोट ठेवावं, आणि कशाचा, असं त्यांनी विचारलंच तर क्षणभर खिडकीबाहेर बघून विषय बदलावा.