बटाट्याचा धर्म

गडहिंग्लजात पोराला सगळ्या धर्मांची ओळख करून द्यायची तर पुस्तकं आणायला नकोत, नातेवाईक पुरतात. माझं माहेर वारकरी, सासर लिंगायत, नणंद जैनांच्या घरात. धाकटे दीर देव मानत नाहीत, पण काळभैरवाच्या यात्रेला डोंगर चढतात. गर्दी बघायला, म्हणे.

सकाळी सासूबाई नातवाच्या कपाळावर विभूती ओढतात. दुपारी माझी आई आली की तिथंच बुक्का टेकवते. आधीचं कुणी पुसत नाही, दोघीही सभ्य आहेत. अडचण खाण्यात येते. आत्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण, जमिनीखालचं काही नाही. आजोळी एकादशीला बटाट्याशिवाय पान हलत नाही. पोरानं विचारलं, "बटाट्याचा धर्म कुठला?" दीर म्हणाले, "संकेश्वरच्या बाजारात विचारून सांगतो." शेजारच्या चाचींचा शिरखुर्मा सासूबाई चाखत नाहीत; नातू खाऊन आला, की चारोळ्या किती होत्या ते मात्र विचारतात.

आमचा तालुका कोल्हापूर संस्थानातला. शाहू महाराजांनी 1919 साली आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नांना कायद्याचा आधार दिला. त्यात नवरा-बायकोची सोय होती. पुढं होणाऱ्या पोरांच्या आज्ज्यांचा बंदोबस्त करायचं कलम राहून गेलं.

2019 मध्ये गणपती आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती आणि पंजे शेजारी बसले. पाहुण्यांकडून ते बघून आलेल्या पोराला त्यात नवल वाटलं नाही. भांडत नाहीत का, एवढंच त्यानं विचारलं. आमच्या घरच्या अनुभवावरून विचारलं असावं.

मला वाटतं, पोरांचा गोंधळ होत नाही. ती घर बदललं की चप्पल काढावी तसे नियम बदलतात. गोंधळ आपला, प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांच्या तावडीतून पोराला आपणच सोडवतोय.

सध्या वाद गळ्याचा आहे. सासूबाईंना त्यात इष्टलिंग हवंय, आईला तुळशीची माळ. मी गप्प आहे. सून आणि लेक एकाच वेळी असलेल्या बाईनं आणखी काय करावं? परवा पोरानं सांगितलं, मॅचला गळ्यात काही चालत नाही, रेफरी बाहेर काढतो. गडहिंग्लज पडलं फुटबॉलचं गाव, त्यामुळे रेफरीचा शब्द मोठा. दोघी आज्ज्या आयुष्यात प्रथमच एका बाजूला आल्या आणि त्या रेफरीचं घराणं कुठलं, याची चौकशी सुरू झाली.