नऊ रुपयांचा इतिहास

मासवणला सूर्या नदीचं पाणी उतरलं आणि दगडगोटे उघडे पडले की हा गृहस्थ काठावर दिसू लागतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मान खाली, हातात खुरपी. आठवडाभर बोईसरच्या कारखान्यात शिफ्ट करतो, सुट्टीला इतिहास करतो. शेजारी पोरं खेकडे धरत असतात. त्यांच्या घरी संध्याकाळी कालवण होतं, याच्या घरी खापर धुतलं जातं. एवढ्यासाठी त्याला हसणं बरं नाही. नजर त्याची खरोखर तीक्ष्ण असते. पंचाईत अशी की चिखल निघण्याआधीच वस्तूचं बारसं उरकलेलं असतं. मनोरजवळचा आशेरीगड पोर्तुगीजांकडे होता आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा गंजका खिळा सापडला की तो त्याच धामधुमीतला. बैलगाडीलाही खिळे लागतात, ही शंका त्याला क्षुद्र वाटते.

त्याची बाजू अशी : मी उचललं नसतं तर पुढच्या पुरात वाहून गेलं असतं. खरं आहे. शिवाय पुरातत्त्ववाले काही दर रविवारी मासवणला येत नाहीत, हेही खरं. पण उचलताना तो जागा लिहून ठेवत नाही, आणि खापराची अर्धी माहिती त्या जागेतच असते. नदीनं आधीच हलवलेल्या वस्तूची कसली जागा, असं तो विचारील. तर खापराच्या कडा पाहाव्यात : गुळगुळीत झिजल्या असतील तर ते लांबून गडगडत आलं, धारदार असतील तर वस्ती जवळपास असण्याचा संभव. प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी अश्महत्यारांचा काळ लावला तो ती नदीच्या कोणत्या थरात होती ते पाहून. त्याच प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये झुडपाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला ब्राँझच्या चार अप्रतिम वस्तू मिळाल्या. त्या उत्खननाच्या थरातून आल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वान अजून भांडतात. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ एवढा ऐवज असून ही गत, तिथे आपल्या खिळ्याची काय कथा! लंडनला थेम्सच्या काठावर असा शोध घ्यायला परवाना लागतो आणि ३०० वर्षांहून जुनी वस्तू संग्रहालयाला दाखवावी लागते. तिथल्या शौकिनांची हौस त्यानं काही आटलेली नाही.

कायदा आपल्याकडेही आहे, आणि इथे गृहस्थाची खरी कसोटी लागते. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यामुळे मित्रमंडळीत जो तुकडा अमूल्य असतो, तो पालघरच्या कचेरीचा विषय निघताच नऊ रुपयांचा होतो. मग तो टीव्हीखालच्या खणात, मिक्सरच्या वॉरंटी कार्डाशेजारी जाऊन पडतो. त्या कार्डावर मात्र तारीख आहे, दुकानाचा पत्ताही आहे.